'रोड टच' जमिनीची टंचाई

पुण्याजवळच्या वाघोलीहून आलेला प्रश्न लांबलचक आहे. त्याचा गाभा असा : "सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून टू बीएचके घेतला. सोसायटी आतून उत्तम. पण घरापासून नगर रस्त्याला लागेपर्यंत सकाळी अर्धा-पाऊण तास जातो, अंतर जेमतेम दीड किलोमीटर. समोरच्या टॉवरमधल्या निम्म्या खिडक्या रात्री अंधारात असतात, तरी भाव उतरत नाहीत. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहतात. मग घरांची टंचाई आहे की नाही? रस्ते रुंद केले, दोन-चार उड्डाणपूल बांधले, तर हे सुटेल का? आम्ही सोसायटीवाले काय करू शकतो? (मागच्या गल्लीतल्या गाड्या आमच्या आवारातून शॉर्टकट मारायला लागल्या म्हणून मागचं गेट दोन वर्षांपूर्वी कायमचं बंद केलं, तेवढाच काय तो दिलासा.)"

आधी नगररचना खात्यात आणि मग सल्लागार म्हणून माझी तीसेक वर्षं नकाशांवर गेली. त्या कंसातल्या वाक्याकडे मी शेवटी येतो.

आधी टंचाई. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने 2012 मध्ये केंद्र सरकारला सांगितलं, की शहरी भारतात 1 कोटी 87 लाख 80 हजार घरं कमी आहेत. हा आकडा सगळे उगाळतात, त्याची फोड मात्र कोणी वाचत नाही. त्यातली सुमारे 1 कोटी 50 लाख कुटुंबं बेघर नाहीत. त्यांना छप्पर आहे, पण दाटी इतकी की लग्न झालेल्या जोडप्याला वेगळी खोली नाही. तुमच्या मावशी या हिशेबात बसतात. एकूण टंचाईतला 95 टक्क्यांहून जास्त वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाचा आहे. आणि 2011 च्या जनगणनेत याच शहरी भारतात सुमारे 1 कोटी 11 लाख घरं रिकामी सापडली, एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे तुमच्या समोरच्या अंधाऱ्या खिडक्याही खऱ्या आणि मावशींची खोलीही खरी.

रिकामी घरं का राहतात याची कारणं बरीच आहेत. गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट आहेत, भाडेकरू घर सोडणार नाही ही 1947 च्या भाडे कायद्यापासून मुरलेली भीती आहे. ही सगळी कारणं मी बाजूला ठेवतो, कारण तुमचा प्रश्न रस्त्याला जोडलेला आहे आणि तो धागा नेमका सगळ्यात कमी बोलला जातो.

गावाकडच्या प्लॉटच्या जाहिराती आठवा. 'रोड टच', 'डीपी रोड टच' (डीपी म्हणजे विकास आराखडा), 'दोन्ही बाजूंनी रोड टच'. बाजाराला जे कळतं ते आमच्या अहवालांना कळायला फार वेळ लागतो. पुण्याभोवती जमिनीची टंचाई कधीच नव्हती. 30 जून 2021 ला वाघोलीसह 23 गावं आत घेतली तेव्हा महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, मुंबई महापालिकेपेक्षाही मोठी. टंचाई आहे ती रस्त्याला लागलेल्या जमिनीची. ज्या शेताला नीट रस्ता आहे, त्यामागे पाणी, ड्रेनेज, वीज येते. ज्याला नाही ते शहरात असून नसल्यासारखं. मग जी थोडी जमीन रस्त्यावर आहे तिच्या भावात सगळ्या शहराची गरज कोंबली जाते आणि त्या भावात मावशींना परवडेल असं काही उभं राहूच शकत नाही.

आता शेताचं उपनगर कसं होतं ते बघा. आपल्याकडची शेतं गटागटांत आहेत, बऱ्याच ठिकाणी वाटण्या होऊन लांबट, अरुंद पट्ट्या झालेल्या. गावात जायला एक रस्ता, रानात जायला पाणंद, दोन गावांच्या हद्दीवर शिवरस्ता. हे रस्ते बैलगाडीच्या मापाचे. पहिला बिल्डर येतो, पाच एकरांचा गट घेतो, एनए (बिनशेती) करतो, ले-आउट मंजूर करून घेतो. आतले रस्ते देखणे, दुतर्फा झाडं. पण ते शेवटी कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन थांबतात. शेजारच्या गटात दुसरा बिल्डर, त्याचीही तीच तऱ्हा. वीस वर्षांनी वरून बघितलं तर पाच-पाच एकरांच्या पेट्या शेजारीशेजारी ठेवलेल्या दिसतात आणि प्रत्येक पेटीचं तोंड त्याच जुन्या पाणंदीवर. पेटीत चारशे कुटुंबं आहेत आणि पाणंद मात्र अजून बैलगाडीच्याच मापाची, फक्त डांबर टाकलेली.

आम्ही नगररचनावालेही इथे निर्दोष नाही. विकास आराखड्यात आम्ही मोठे रस्ते आखतो, 18, 24, 30 मीटरचे, आणि मधला भाग पिवळा (म्हणजे निवासी) रंगवून सोडून देतो. आतले लहान रस्ते ले-आउट मंजूर होताना आपोआप येतील, असं गृहीत धरलेलं असतं. येतात, पण जुळत नाहीत. नियमावलीत शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी सांगड घालायची तरतूद आहे. फाइल मात्र एका गटाची असते, आणि टेबलावर शेजारच्या गटाचा नकाशा उघडून बघायला कोणाला वेळ नसतो. मला स्वतःला कितीदा नव्हता.

थोडं गणित करू, पाचवीच्या पलीकडचं नाही. मोठे रस्ते दर 800 मीटरवर, उभे-आडवे, असं धरा. एका चौरस किलोमीटरमध्ये अडीच किलोमीटर रस्ता झाला. दर 200 मीटरवर लहान रस्ते टाकले की तो 10 किलोमीटर होतो. संयुक्त राष्ट्रांची वस्तीविषयक संस्था, यूएन हॅबिटॅट, चौरस किलोमीटरला किमान 18 किलोमीटर रस्ता आणि शहराची सुमारे 30 टक्के जमीन रस्त्यांना सुचवते. उलटं मोजलं तर ते साधारण दर 110 मीटरवर एक रस्ता. बार्सिलोनाचा 1859 चा विस्तार आराखडा याच्या जवळपासच्या मापाचा आहे : 113 मीटरचे चौकोनी ठोकळे आणि मध्ये 20 मीटरचे रस्ते. त्यामुळे 'आपल्याकडे रस्ते अरुंद आहेत' या तक्रारीवर मी नेहमी अडतो. अरुंद आहेतच, पण त्याहून मोठा दोष म्हणजे ते मोजके आहेत.

फरक कुठे पडतो? 800 मीटरच्या जाळ्यात मधल्या 64 हेक्टरातली प्रत्येक दुचाकी, स्कूलबस आणि पाण्याचा टँकर त्याच चार चौकांतून जातो. रस्त्याची वाहून नेण्याची ताकद त्याच्या रुंदीपेक्षा चौकावर ठरते. रस्ता चार पदरी करा, सहा पदरी करा, सिग्नलला हिरवा दिवा तेवढाच वेळ लागणार, आणि उजवीकडे वळणारे सगळ्यांना अडवणार. एक बस बंद पडली की सगळं ठप्प, कारण वळसा घ्यायला दुसरी वाट नसते. शिवाय पीएमपीची बस सहा मीटरच्या गल्लीत शिरत नाही, वळत तर नाहीच. मग थांबा घरापासून एक-दीड किलोमीटरवर, म्हणून घरटी दोन दुचाक्या, आणि त्या दुचाक्या पुन्हा त्याच चौकात. सिंहगड रस्ता हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला कालवा आणि टेकडी, मधल्या पट्ट्यात खडकवासल्याकडे वाढत गेलेली वस्ती आणि इतकी वर्षं मुख्य रस्ता एकच.

आता एफएसआयकडे, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं त्या मापाकडे. घरं आणि रस्ते यांची गाठ इथे बसते, आणि बरोबर इथेच ती सुटतेही. डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. पुण्यासारख्या महापालिकेत गावठाणाबाहेर, प्लॉटसमोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर एफएसआय 1.1, त्यापुढे काही नाही. रस्ता 9 मीटर झाला की प्रीमियम (पैसे भरून घेतलेला एफएसआय) आणि टीडीआर (सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) धरून 2 पर्यंत. 30 मीटरला 3 पर्यंत. निवासी बांधकामाला यावर 60 टक्के अनुषंगिक एफएसआय वेगळा. एका एकरावर ढोबळ हिशेब केला, फ्लॅटमागे 100 चौरस मीटर बांधकाम धरलं, तर 9 मीटरच्या अलीकडे 70 घरं, 9 मीटर झाला की 130 च्या आसपास, 30 मीटरवर 190 च्या पुढे. साडेआठ आणि नऊ मीटरमधल्या अर्ध्या मीटरला साठ फ्लॅटची किंमत आहे! 2020 मध्ये पुण्यात सहा मीटरचे शेकडो रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा एवढी भांडणं का झाली, ते आता कळेल.

तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. जिथे रस्ता मोठा तिथे माणसं जास्त. पण नियम मोजतो प्लॉटच्या समोरचा रस्ता. तो 9 मीटरचा रस्ता पुढे जाऊन पाच मीटरच्या गावठाणातल्या बोळाला मिळतो का, हे तितक्या कडकपणे कोणी तपासत नाही. आणि समोरचा रस्ता कमी असेल तर मालक आपल्या पुढची दीड-दोन मीटरची पट्टी रुंदीकरणाला सोडतो आणि तेवढ्या तुकड्यापुरता रस्ता रुंद होतो. शेजारी बांधायला काढलेलं नसतं, त्यामुळे त्याचा कुंपणाचा बांध जिथल्या तिथे. असे रस्ते वरून करवतीच्या पात्यासारखे दिसतात : इथे नऊ मीटर, पुढे सहा, पुन्हा नऊ. सोडलेल्या पट्टीत वडापावची गाडी आणि महावितरणचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उभा राहतो (याला सगळे डीपीच म्हणतात, आणि नगररचनेतला डीपी वेगळा हे बैठकीत दर वेळी सांगावं लागतं). कागदावर सगळं नियमात बसतं आणि सकाळी साडेआठला कोणी हलत नाही.

मग हे नीट कधी झालंच नाही का? झालं होतं, आणि आपल्याच राज्यात. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 मध्ये मुंबई सुधार न्यासाची स्थापना झाली. न्यासाच्या शहरातल्या पाडापाडीबद्दल वाईट बोलायला जागा आहे. गरिबांची जितकी घरं मोडली तितकी उभी राहिली नाहीत. पण दादर-माटुंग्याला त्यांनी आधी रस्ते, गटारं, मैदानं आखली आणि मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी तिथल्याच. त्यानंतर 1915 चा मुंबई नगररचना कायदा आला, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्यातून टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, सुरू झाल्या. मुंबईची पश्चिम उपनगरं घ्या किंवा पुण्यात भांबुर्डा, आताचं शिवाजीनगर. जुन्या शिवाजीनगरकरांच्या पत्त्यात 'एफ. पी. नंबर' असतो. एफ. पी. म्हणजे अंतिम भूखंड, त्या योजनेचं हाडामासात उरलेलं चिन्ह.

योजनेची कल्पना सोपी आहे. शंभर-दीडशे हेक्टर शेतजमीन एकत्र धरायची. जणू काही क्षणभर सगळे बांध पुसले. मग त्यावर रस्ते, बाग, शाळा आखायच्या आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याप्रमाणे परत द्यायची. आकाराने लहान, पण चौकोनी आणि रस्त्याला लागलेली. मूळ भूखंड जातो, अंतिम भूखंड येतो. प्रत्येकाची जमीन सारख्या प्रमाणात कमी होते, प्रत्येकाला रस्ता मिळतो, आणि भाव वाढतो त्यातला काही भाग सुधारणेचा खर्च म्हणून वसूल होतो. सरकारला जमीन विकत घ्यावी लागत नाही.

याच्या उलट आराखड्यातला रस्ता. नोकरीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या गावी होतो. नकाशावर मीच आखलेला 18 मीटरचा रस्ता एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अडीच एकरांच्या बरोब्बर मधून गेला. हरकतींच्या सुनावणीला ते आले, धोतर, टोपी, हातात सातबारा. म्हणाले, "साहेब, रस्ता गावाला पाहिजे, मला मान्य. पण रान माझ्याच पोटातनं कापायचं आन भाव वाढणार शेजारच्याचा, हे कुठलं गणित?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणित बरोबर त्यांचं होतं. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं, पालिकेकडे मोबदल्याला पैसे नव्हते. बदली होऊन मी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा म्हातारबाबा नव्हते, आणि रस्त्याच्या आखणीवर गुंठ्यागुंठ्याने विकलेली घरं होती.

असे रस्ते राज्यभर कागदावर पडून आहेत. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आराखड्यात आरक्षण टाकायची सोय दिली, जमीन ताब्यात घ्यायला पैसे कुठून आणायचे ते सांगितलं नाही. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण उडतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवला, ते शेतकऱ्याच्या दृष्टीने रास्तच होतं. पण शहरात बाजारभावाच्या दुप्पट म्हणजे एका किलोमीटरच्या रस्त्याला महापालिकेचं वर्षाचं रस्त्यांचं बजेट कमी पडतं. टीडीआरवर भागवू म्हटलं, तर जमीनमालकाला रोख हवी असते. कात्रज-कोंढवा रस्ता 84 मीटरचा ठरला होता, 2018 मध्ये काम सुरू झालं, आणि जमीन मिळेना म्हणून शेवटी 50 मीटरवर यावं लागलं. 1997 ला पुणे महापालिकेत घेतलेल्या 38 गावांपैकी 15 वगळून 23 राहिली (2021 ची 23 ती वेगळी), त्यांचा आराखडा तुकड्यातुकड्याने मंजूर होत गेला. टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचा निर्णय तर 2015 पर्यंत लांबला. तोवर धनकवडीसारख्या भागात लोकांनी जे बांधायचं ते बांधून टाकलं होतं. लोक आराखड्यासाठी लग्न पुढे ढकलत नाहीत.

महाराष्ट्राने टीपी स्कीम जवळपास टाकूनच दिली, कारण एकेक योजना पूर्ण व्हायला वीस-वीस वर्षं लागत. लवाद, हरकती, अपील. दोष हत्यारात नव्हता, त्याला धार लावायला हवी होती. गुजरातने लावली. मूळ कायदा आपलाच, मुंबई राज्याचा. त्यांनी 1976 ला नवा कायदा केला, 1999 ला दुरुस्ती करून मसुदा योजना मंजूर झाली की रस्त्याची जमीन ताब्यात घ्यायची सोय केली. वाटपाची भांडणं मागाहून चालू देत. 2001 च्या भूकंपानंतर भुज शहराच्या आतल्या भागाची नव्याने मांडणी याच पद्धतीने झाली. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बऱ्याच अंशी असाच जमीन मिळवून झाला. आपण इकडे रिंग रोडची आखणी किती वेळा बदलली, हे पुणेकरांना सांगायला नको. 1987 च्या आराखड्यातला शहरांतर्गत उच्च क्षमता मार्ग, एचसीएमटीआर, आजही नकाशावरच आहे.

महाराष्ट्रात आता पुन्हा हालचाल आहे. म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) योजना, नवी मुंबईजवळ नैना क्षेत्रात सिडकोच्या योजना. नैनात मालकाला 40 टक्के जमीन परत मिळते, आणि विरोधाचं मूळ तिथेच आहे. साठ टक्के सोडायचे म्हटल्यावर शेतकरी बिथरणारच, त्याला वाढीव एफएसआयचं गाजर कितीही दाखवा. माझ्या मते पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या वर जमीन घेऊ नये आणि रस्ते आधी बांधून दाखवावेत. एकदा मुरूम पडलेला दिसला की अर्ध्या हरकती मागे घेतल्या जातात, हा माझा अनुभव.

लोकांनी स्वतः जमीन एकत्र केल्याचं उदाहरण म्हणजे हडपसरचं मगरपट्टा. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, चारशे एकर, जमीन विकून मोकळं न होता भागीदारीत राहिली. आतले रस्ते बघायला माझ्या विद्यार्थ्यांना मी नेत असे. आणि मग त्याच विद्यार्थ्यांना घेऊन संध्याकाळी सहाला मुंढवा आणि सोलापूर रस्त्याच्या तोंडाशी उभा राहत असे. चारशे एकर कितीही नीट आखा, बाहेर पडायची वाट तीच जुनी असेल तर गर्दी फक्त चारशे एकर पुढे सरकते.

मावशींचं काय, हे राहिलं. टीपी स्कीम गरिबांना आपोआप घर देते, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कायद्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी दहा टक्क्यांपर्यंत जमीन ठेवायची सोय आहे. ती ठेवली, दाखवली आणि कंपाउंड घालून राखली, तरच. नाहीतर तिच्यावर आधी राडारोडा पडतो आणि मग मंगल कार्यालय उभं राहतं. आज मावशींसारख्यांसाठी घरं कोण बांधतं? गुंठेवारी. एका एकराचे चाळीस गुंठे, 1,089 चौरस फुटांचा एक, मधून दहा-बारा फुटी बोळ, नोटरी करून विक्री. तुकडेबंदी कायदा 1947 पासून आहे, आणि त्याला न जुमानता झालेलं नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा. 2021 ला दुरुस्ती होऊन त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकली. गुंठेवारीला नाकं मुरडणाऱ्यांना मी विचारतो, की तुम्ही दुसरं काय दिलंत? तिचा खरा दोष बोळ. घर पुढे पाडून नीट बांधता येतं, वर मजला चढवता येतो. बोळात अग्निशमनाची गाडी शिरत नाही, आणि दोन्ही बाजूंनी घरं झाल्यावर तो बोळ नऊ मीटर करायला देव खाली यावा लागेल. म्हणून मी म्हणत आलो, की गरिबांसाठी सरकारला इमारत बांधणं जमत नसेल तर नको बांधू दे. शेतात घरं यायच्या आधी नऊ आणि बारा मीटरच्या गल्ल्यांच्या कडेला नुसते दगड रोवून ठेवा. मोजणीच्या हद्दीचे दगड. डांबर दहा वर्षांनी टाका. जमीन शेतीच्या भावात असताना रस्ता मिळतो, फ्लॅटच्या भावात गेल्यावर मिळत नाही.

रुंदीकरण आणि उड्डाणपूल यावर थोडक्यात. पुणे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पंधरा वर्षंही न टिकता 2020 मध्ये पाडला. बाणेर, औंध, पाषाण, तिन्हीकडचे लोक त्या एका चौकातून शहरात येतात. पुलाने त्यांना एक मिनिट हवेत नेलं आणि पुन्हा त्याच रस्त्यावर उतरवलं. बालभारती-पौड फाटा रस्त्यासारखे दुवे जोडायला गेलं तर आता टेकडी आडवी येते आणि लोक टेकडीच्या बाजूने उभे राहतात. मी असतो तर मीही राहिलो असतो. दुवे टेकडीच्या अलीकडे सपाटीवर असताना आपण सोडले, त्याची भरपाई टेकडीने का करायची? रुंदीकरण जिथे नुसती बाटलीची मान आहे तिथे जरूर करावं. पण तुमच्या दीड किलोमीटरला समांतर दुसरी वाट, मग ती नऊ मीटरचीच का असेना, कोणत्याही रुंदीकरणापेक्षा जास्त देऊन जाईल.

आता तुम्ही काय करायचं. महापालिकेकडून तुमच्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. आजूबाजूच्या सात-आठ गटांचे मंजूर ले-आउट माहितीच्या अधिकारात मागा, आणि गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेखकडून घ्या. शिवरस्ता आणि पाणंद त्यात तुटक रेषेत असतात, आणि आज त्यावर कोणाचं तरी पत्र्याचं शेड असतं. हे सगळे कागद एकाच मापात करून ट्रेसिंगसारखे एकमेकांवर ठेवा. कोणत्या सोसायटीचा आतला रस्ता कोणत्या शेजाऱ्याच्या रस्त्यासमोर येऊन भिंतीवर थांबलाय, ते तिथेच दिसतं. बहुतेक ठिकाणी दोन-तीन भिंतींत दारं पाडली तर एक समांतर वाट तयार होते. ती सगळ्या वाहनांना खुली करायची गरज नाही. आधी पायी आणि सायकल, मग दुचाकी, मग स्कूलबस, असं टप्प्याने ठरवा, गतिरोधक टाका, रात्री बंद ठेवा. सोसायट्यांचा लेखी करार होतो. ॲमेनिटी स्पेस (ले-आउटमध्ये सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) महापालिकेच्या ताब्यात गेली आहे का आणि ले-आउटमधला रस्ता हस्तांतरित झालाय का, हेही त्याच अर्जात विचारा. नसेल झाला तर वॉर्ड ऑफिस तिथे खडीसुद्धा टाकणार नाही.

आणि या कामाची सुरुवात कुठून करायची विचाराल, तर तुमच्या मागच्या गेटपासून. त्या गल्लीतल्या गाड्या शॉर्टकट मारत होत्या, याचा अर्थ ती गल्ली पुढे कुठेतरी जाते. वाघोलीत अशा वाटा किती आहेत, ते तुम्ही रोज सकाळी अर्धा तास बघता. मंजूर नकाशात त्या गेटसमोरची पट्टी 'रस्ता' म्हणून दाखवली आहे की 'ड्राइव्ह-वे' म्हणून, ते आधी पाहा. रस्ता असेल, तर त्या कुलपाची किल्ली सोसायटीकडे असायचं कारण नाही. पलीकडच्या कोणी अर्ज केला तर सुनावणीत तुम्ही हराल. ड्राइव्ह-वे असेल तर निर्णय तुमच्या सर्वसाधारण सभेचा. तिथे पार्किंगवरून दोन तास भांडण होईल, हे धरून चला, आणि विषयपत्रिकेत गेटचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या.